प्रकाशाच्या चिपचा हिशेब डेसिबेलमध्ये मांडा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

फोटॉनिक चिपविषयीच्या बातम्या अलीकडे नेमाने वाचायला मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्यांतले एक वाक्य जणू ठरून गेलेले असते: विजेऐवजी प्रकाश वापरल्यामुळे चिपमध्ये माहिती ‘प्रकाशाच्या वेगाने’ धावते. सिलिकॉनच्या वेव्हगाइडमध्ये, म्हणजे चिपवरच्या प्रकाश वाहणाऱ्या बारीक पट्टीत, प्रकाशस्पंदाचा समूह-अपवर्तनांक (निर्वाताच्या तुलनेत तो कितीपट हळू जातो तो आकडा) ४.२ च्या आसपास असतो. म्हणजे निर्वातातल्या वेगाच्या पावपटीपेक्षाही कमी वेगाने तो पुढे जातो. नेहमीच्या सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीतून विद्युतसंकेत साधारण निम्म्या प्रकाशवेगाने जातो. तेव्हा शर्यतच लावायची म्हटली तर या पट्टीपुढे चिपवरचा प्रकाश हरेल. प्रकाशाकडे वळण्याचे कारण वेगळे आहे. वारंवारता वाढली की तांब्यातला संकेत थोड्याच अंतरात विरतो, तर १५५० नॅनोमीटरचा प्रकाश फायबरमध्ये किलोमीटरमागे जेमतेम ०.२ डेसिबेल गमावतो (डेसिबेल हे तोट्याचे गुणोत्तरी माप, ३ डेसिबेल गेले की प्रकाश निम्मा). शिवाय एकाच फायबरमधून अनेक तरंगलांब्या एकमेकींना न अडवता नेता येतात.

आमची तक्रार त्या एका वाक्यापुरती नाही. बातम्यांत येतात ते सेकंदाला किती गिगाबिट आणि झोत किती अंशांत वळला, एवढेच आकडे. चिप कामाची की शोभेची, हे दुसऱ्याच दोन आकड्यांवर ठरते: वाटेत किती प्रकाश वाया जातो आणि फेज (लहर आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) जागेवर धरून ठेवायला किती वीज लागते. ते दोन आकडे का निर्णायक आहेत, हे इथे थोडे तपशिलात मांडत आहोत.

सिलिकॉन ११०० नॅनोमीटरपुढच्या अवरक्त प्रकाशाला पारदर्शक असते. त्यामुळे फायबरसाठी रूढ असलेल्या १३१० आणि १५५० नॅनोमीटर या दोन्ही तरंगलांब्या त्यात चालतात. त्याचा अपवर्तनांक सुमारे ३.४८, भोवतीच्या सिलिकाचा १.४४. फरक इतका मोठा असल्यामुळे २२० नॅनोमीटर जाड आणि ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंद पट्टीत प्रकाश नीट कोंडला जातो आणि ५ मायक्रॉन त्रिज्येचे वळणही फारसा न सांडता घेतो. इथवर सगळे छान. पण सिलिकॉनची पट्टदरी अप्रत्यक्ष प्रकारची आहे, म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन ऊर्जा सोडताना सहसा प्रकाश देत नाहीत, म्हणून त्यात लेझर बनत नाही. तो इंडियम फॉस्फाइडसारख्या पदार्थाचा करून वर चिकटवावा लागतो किंवा बाहेरून जोडावा लागतो. दुसरी अडचण त्याहून मुळातली आहे. त्याच्या स्फटिकाची रचना केंद्राभोवती सममित असल्याने विद्युतक्षेत्राच्या प्रमाणात अपवर्तनांक बदलण्याचा गुणच त्यात नाही.

मग प्रकाशावर माहिती चढवायची कशी? सोरेफ आणि बेनेट यांनी १९८७ साली मांडलेल्या समीकरणांवर हे क्षेत्र आजही चालते. वेव्हगाइडमधले मोकळे विद्युतभार वाढवले किंवा काढून घेतले की अपवर्तनांक किंचित बदलतो. किंचित म्हणजे किती? एका घन सेंटीमीटरमागे १ वर १७ शून्ये इतके इलेक्ट्रॉन आणि तितकेच होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, धनभारासारख्या वागणाऱ्या) हलवले, तर १५५० नॅनोमीटरला बदल मिळतो सुमारे ०.०००४. त्यात चार-पंचमांश वाटा होलचा, आणि होल प्रकाश शोषतातही इलेक्ट्रॉनपेक्षा कमी. म्हणून जाणकार आराखड्यात पी-एन जोड (होल जास्त असलेला पी आणि इलेक्ट्रॉन जास्त असलेला एन भाग जिथे भेटतात ती सीमा) बरोबर मधोमध न ठेवता पी बाजूला प्रकाशाचा जास्त भाग येईल असा सरकवलेला असतो. फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, आकृती छापण्याचे दोन मुखवटे काही दशक नॅनोमीटरनी इकडेतिकडे झाले की हा फायदा हातचा जातो. एकाच वेफरवरच्या दोन मॉड्युलेटरांची (प्रकाशावर माहिती चढवणाऱ्या उपकरणांची) कार्यक्षमता जुळत नाही, त्यामागे बहुधा हेच कारण सापडते.

अशा जोडाला उलटा व्होल्टेज दिला की मधला, मोकळे भार नसलेला पट्टा रुंदावतो, अपवर्तनांक बदलतो आणि त्याबरोबर प्रकाशाचा फेजही. अर्ध्या आवर्तनाचा फेज बदल मिळवायला लागणारे व्होल्ट आणि लांबी यांचा गुणाकार साधारण २ व्होल्ट-सेंटीमीटर येतो. ४ व्होल्टच द्यायचे तर लांबी हवी ५ मिलिमीटर. प्रत्यक्षात २ ते ३ मिलिमीटरवर थांबतात आणि पूर्ण अर्धे आवर्तन न मिळवता त्याच्या काही भागावर भागवतात, कारण भारित (मोकळे विद्युतभार मिसळलेले) वेव्हगाइड दर मिलिमीटरला १ ते २ डेसिबेल गिळते. धातूचा संपर्क घ्यायला दोन्ही बाजूंना जास्त भारित पट्टे असतात. ते गाभ्यापासून मायक्रॉनच्या आत फार जवळ आणले तर प्रकाश शोषतात. लांब नेले तर रोध वाढून बँडविड्थ घसरते. या दोन टोकांच्या मधल्या काहीशे नॅनोमीटरमध्ये आराखडा करणाऱ्याचे सगळे कौशल्य लागते.

लांबी मिलिमीटरांत गेली की इलेक्ट्रोडला नुसता कपॅसिटर समजून चालत नाही. तो प्रेषणमार्ग होतो. विद्युतलहर आणि प्रकाशस्पंद बरोबरीने चालले नाहीत, तर पुढच्या बिटचा व्होल्टेज मागच्या बिटच्या प्रकाशावर पडतो आणि डोळा-आलेख (बिट एकावर एक रचून काढलेले चित्र, त्यातली मधली उघडी जागा म्हणजे स्वच्छ संकेत) मिटतो. जोडाच्या कपॅसिटन्समुळे मार्गाचा प्रतिबाध (विद्युतलहरीला होणारा अडथळा) ५० ओहमच्या खाली येतो. टोकाचा रोध त्याच्याशी जुळवला नाही तर परावर्तन होते, आणि जुळवला तरी चालक सर्किटची बरीचशी वीज त्या रोधातच उष्णता होऊन जाते. बातमीत ‘प्रति बिट ऊर्जा’ छापून येते तेव्हा हा रोध हिशेबात धरला होता का, एवढे तरी विचारावे.

आता माख-झेंडर प्रकारच्या, म्हणजे प्रकाश दोन भुजांत वाटून फेजफरकासह पुन्हा जुळवणाऱ्या, एका मॉड्युलेटरचा जमाखर्च पाहू. लेझरचे १० मिलिवॉट. चिपमध्ये शिरताना २ डेसिबेल गेले, उरले ६.३. मॉड्युलेटरच्या भुजांत ४ डेसिबेल गेले, उरले २.५. हे उपकरण सरळ उतारावर चालवायला मध्यबिंदूवर (पूर्ण उजेड आणि पूर्ण अंधार यांच्या मधोमध) धरावे लागते, तिथे सरासरी ३ डेसिबेल जातात, उरले १.२५ च्या आसपास. बाहेर पडताना पुन्हा २ डेसिबेल. हातात आले ०.८ मिलिवॉट. ही सुस्थितीतली चिप झाली. आत शिरण्यासाठी ग्रेटिंग कपलर (प्रकाश वरून आत घेणारी खाचांची जाळी) वापरला तर एका टोकाला ३ ते ५ डेसिबेल सहज जातात. फायबरमधला प्रकाशाचा ठिपका सुमारे १० मायक्रॉनचा आणि वेव्हगाइड अर्ध्या मायक्रॉनचे, तेव्हा दुसरे काय होणार? ग्रेटिंग कपलरवर फायबर उभ्या रेषेपासून ८ ते १० अंश कललेला ठेवतात. सरळ ठेवला तर दुसऱ्या कोटीचे परावर्तन उलट लेझरकडे जाते आणि लेझर अस्थिर होतो. हे परतीचे दार चिपवरच बंद करणे अवघड आहे, कारण त्यासाठी लागणारे चुंबकीय गुण सिलिकॉनला नाहीत. म्हणून आयसोलेटर (प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बहुधा बाहेर लेझरपाशीच बसवावा लागतो.

मध्यबिंदू हा एकदा लावून विसरायचा बिंदू नाही. तापमान बदलले की तो सरकतो. त्यासाठी एका भुजेवर हीटर असतो, बाहेर पडणाऱ्या प्रकाशातला १ ते ५ टक्के भाग फोटोडायोडकडे वळवतात आणि हीटरवर काही किलोहर्ट्झची हलकी थरथर देतात. परत आलेल्या संकेतात त्या थरथरीची दुप्पट वारंवारता शून्य झाली की समजायचे, मध्यबिंदू सापडला. पण उतार दोन असतात, एक चढता आणि एक उतरता. चुकीच्या उतारावर कुलूप लागले तर सगळे बिट उलटे येतात आणि दोष मात्र दिवसभर डिजिटल सर्किटमध्ये शोधला जातो.

मोठी लांबी टाळायची तर वलय, म्हणजे गोल वळवून टोके जोडलेले वेव्हगाइड, वापरावे. इंटेलने २००४ साली गिगाहर्ट्झच्या पुढे जाणारा पहिला सिलिकॉन मॉड्युलेटर दाखवला, तो मिलिमीटरांत मोजण्याएवढा लांब होता. पुढच्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातून आलेल्या वलयाचा व्यास होता १२ मायक्रॉन. प्रकाश त्यात पुन्हा पुन्हा फिरतो, त्यामुळे थोडासा फेज बदलही पुरतो. त्याची किंमत वेगळ्या खात्यात वसूल होते. वलयाची अनुनादी (वलयात जमून राहणारी) तरंगलांबी एका अंश सेल्सिअसला ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटर सरकते. क्यू-गुणांक (अनुनाद किती अरुंद आहे याचे माप) ५००० असेल तर अनुनादाची रुंदीच ०.३ नॅनोमीटर. चार अंश तापमान वाढले की वलय आणि लेझर यांची गाठच पडत नाही. क्यू वाढवला तर व्होल्टेज कमी लागतो, पण प्रकाश आत जास्त वेळ रेंगाळतो आणि वेग घटतो. शिवाय वेव्हगाइडची रुंदी फॅबमध्ये १ नॅनोमीटरने चुकली तरी अनुनाद साधारण तेवढाच सरकतो, म्हणजे आराखड्यातली तरंगलांबी हातात येईलच असे नाही.

इथे हीटरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हीटर अनुनादाला फक्त लांब तरंगलांबीकडे ढकलू शकतो, मागे ओढू शकत नाही. म्हणून खोलीच्या तापमानाला वलयाचा अनुनाद लेझरच्या थोडा अलीकडे, आखूड बाजूला ठेवतात. भोवतालचे तापमान वाढत गेले की हीटर कमी करत आणतात. तो शून्यावर आला आणि तापमान अजून वाढतच आहे, तर पुढच्या अनुनादावर उडी मारण्यावाचून मार्ग नसतो, आणि त्या क्षणी जोडणी तुटते. वलयात शोषला जाणारा प्रकाशही वलय तापवतो. माहितीत शून्यांची किंवा एकांची लांब रांग आली की सरासरी शक्ती बदलते आणि अनुनाद हलतो. प्रयोगशाळेत यादृच्छिक बिट पाठवून केलेल्या चाचणीत हे दिसतच नाही.

इतर पदार्थांबद्दल थोडक्यात. लिथियम नायोबेटमध्ये विद्युतक्षेत्राने थेट अपवर्तनांक बदलतो, भारांची शोषणाची कटकट नाही. त्याचा पातळ थर सिलिकावर चढवून केलेल्या मॉड्युलेटरांनी २०१८ पासून कमी व्होल्टेज आणि १०० गिगाहर्ट्झच्या घरातली बँडविड्थ एकत्र दाखवली आहे. मात्र कोरताना त्याच्या भिंती तिरप्या होतात, कोरलेला माल परत भिंतीवर बसतो, स्थिर व्होल्टेजखाली मध्यबिंदू हळूहळू वाहतो, आणि लिथियमने यंत्रे दूषित होतील या भीतीने सिलिकॉन फॅब त्या वेफरला आत घेताना दहा वेळा विचार करते. जर्मेनियम-सिलिकॉनचे शोषण-मॉड्युलेटर ५० ते १०० मायक्रॉनमध्ये काम भागवतात, पण ठरावीक तरंगलांबीच्या अरुंद पट्ट्यातच.

आता झोत वळवण्याकडे येऊ. हलता आरसा नसलेल्या लिडारविषयी (लेझर फेकून परतणाऱ्या प्रकाशावरून अंतर मोजणारे उपकरण) सर्वांत जास्त लिहिले जाते आणि सर्वांत जास्त गोंधळही तिथेच आहे. तत्त्व रडारच्या फेज्ड अ‍ॅरेचेच. एका लेझरचा प्रकाश अनेक वेव्हगाइडांत वाटायचा, प्रत्येकाचा फेज वेगळा लावायचा आणि शेजारीशेजारी असलेल्या ग्रेटिंग-अँटेनांतून बाहेर सोडायचा. अँटेनांमधले अंतर २ मायक्रॉन धरा आणि तरंगलांबी १५५० नॅनोमीटर. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पाव आवर्तनाचा फेजफरक दिला की झोत ११ अंशांवर जातो. पण त्याच वेळी दुसऱ्या बाजूला, उणे ३५ अंशांच्या आसपास, त्याचा जुळा भाऊ उगवतो. तिथेही सगळ्या लहरी जुळतातच. लिडारला समोरची भिंत दिसली की बाजूचा खांब, हे मग सांगता येत नाही. या अंतराला संदिग्धता न येता मिळणारा पल्ला मध्यापासून दोन्हीकडे सुमारे २३ अंशांचाच.

जुळा झोत पूर्ण घालवायचा तर अंतर अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे ७७५ नॅनोमीटरवर आणावे लागते. ४५० नॅनोमीटरची पट्टी वजा केली तर मधली फट उरते ३२५ नॅनोमीटर. अँटेना मिलिमीटरभर लांब असतो. त्याच्या कितीतरी आधीच प्रकाश फट ओलांडून शेजारच्या वेव्हगाइडमध्ये गेलेला असतो आणि आपण लावलेला फेज विस्कटतो. शेजारच्या पट्ट्यांच्या रुंदीत मुद्दाम फरक ठेवला तर ही गळती बरीच रोखता येते. दुसरा मार्ग म्हणजे अंतरे असमान ठेवणे. त्याने जुळा झोत मोडतो खरा, पण त्यातली ऊर्जा नाहीशी होत नाही. ती सगळ्या दिशांना धुक्यासारखी पसरते आणि दूरच्या वस्तूकडून येणारा अंधुक संकेत त्यात बुडतो.

झोताची रुंदी अँटेनांची संख्या गुणिले अंतर, म्हणजे एकूण तोंड किती रुंद, यावर ठरते. २ मायक्रॉन अंतरावर ६४ अँटेना असतील तर झोत सुमारे ०.६ अंश रुंद, १०० मीटरवर मीटरभर. ५१२ केल्या तर ०.०८ अंशांच्या आत, त्याच अंतरावर १३ सेंटीमीटर. तेव्हा संख्या वाढवावीच लागते, आणि मग विजेचा प्रश्न येतो. साध्या हीटरला अर्ध्या आवर्तनासाठी सुमारे २० मिलिवॉट लागतात. फेज एका आवर्तनाच्या आतच लावायचा असल्याने सरासरी प्रत्येकी तेवढेच धरा: ५१२ हीटरांचे १० वॉट, तेही काही मिलिमीटरच्या चिपवर. एकाची उष्णता शेजारच्याचा फेज बदलते. हीटरभोवती चर खणून आणि खालचे सिलिकॉन पोखरून ही वीज काही मिलिवॉटवर आणता येते, पण उष्णता अडकून राहिल्याने प्रतिसादाचा वेळ वाढतो. भार हलवून फेज बदलला तर वेग मिळतो, मात्र फेजबरोबर तीव्रताही बदलते आणि बाजूचे झोत वाढतात.

आणखी एक खर्च आराखड्यात दिसत नाही. १ मिलिमीटर लांबीच्या वेव्हगाइडची रुंदी १ नॅनोमीटरने चुकली, तर टोकाला फेज सुमारे एक पूर्ण आवर्तन चुकतो. म्हणून फॅबमधून आलेल्या चिपला वीज न देता प्रकाश सोडला की समोर झोत दिसत नाही, ठिपक्यांचा चुरा दिसतो. सरळ लांब भागांत पट्टी दीड-दोन मायक्रॉन रुंद करून ही चूक कमी करतात, पण प्रत्येक चिपचे फेज जुळवून घेणे टळत नाही.

ही जुळवणी अशी करतात. चिप थर्मोइलेक्ट्रिक कूलरवर बसवून तापमान ०.१ अंशात बांधून घ्यायचे. आत जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण (लहर कोणत्या दिशेने हेलकावते ते) नीट लावायचे, कारण ग्रेटिंग एकाच ध्रुवणासाठी केलेले असते. चिपसमोर भिंग आणि त्याच्या मागच्या नाभिप्रतलात इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा कॅमेरा ठेवायचा. तिथे प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक कोन. हवा तो कोन निवडून एकेक हीटर पूर्ण आवर्तनभर सात-आठ पायऱ्यांत फिरवायचा, त्या पिक्सेलच्या तीव्रतेवर कोसाइन बसवायचा, शिखराचा फेज नोंदवून पुढच्या हीटरकडे जायचे. सगळे संपले की पुन्हा पहिल्यापासून, दोन-तीन फेऱ्या. मग पुढचा कोन. चुका नेहमीच्याच होतात. झोत जमत जातो तशी तीव्रता वाढते आणि कॅमेरा संपृक्त होतो. एक्स्पोजर कमी केले नाही तर शिखर सपाट दिसते आणि अल्गोरिदम आंधळा होतो. हीटरचा फेज व्होल्टेजच्या नव्हे, शक्तीच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे व्होल्टेजच्या वर्गाच्या. सरळ रेषेचा तक्ता केला की मधल्या कोनांना झोत फाटतो. आणि सगळ्या हीटरांची जमिनीची तार एकच असेल तर एकाचा प्रवाह बाकीच्यांचा व्होल्टेज हलवतो. फेजमध्ये यादृच्छिक अर्ध्या रेडियनची चूक उरली तर मुख्य झोतात ७८ टक्के ऊर्जा राहते, एक रेडियन उरली तर ३७ टक्केच.

दुसऱ्या अक्षात झोत वळवायला बहुधा तरंगलांबी बदलतात. सिलिकॉन ग्रेटिंगमधून नॅनोमीटरमागे सुमारे ०.१४ अंश मिळतात. १४ अंशांसाठी लेझर १०० नॅनोमीटर फिरला पाहिजे. असा लेझर बनवणे हेच एक वेगळे काम आहे. दूरवर पाहायला शक्तीही वाढवावी लागते. ती वाढली की सिलिकॉन एका वेळी दोन फोटॉन शोषू लागते, त्यातून मोकळे भार निर्माण होतात आणि ते आणखी प्रकाश शोषतात. सिलिकॉन नायट्राइडमध्ये या तरंगलांबीला ही अडचण नाही, पण उष्णतेने त्याचा अपवर्तनांक सिलिकॉनच्या जवळपास एक-सप्तमांशच बदलतो. म्हणून शहाणे आराखडे प्रकाश वाटण्याचे काम नायट्राइडला देतात आणि फेज लावण्याचे सिलिकॉनला.

एमआयटीच्या गटाने २०१३ साली ‘नेचर’मध्ये ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६ अँटेनांची चिप प्रसिद्ध केली. ५७६ मायक्रॉन चौरसात एवढे बसवणे हा मोठाच पराक्रम होता. पण त्या मोठ्या रचनेतले फेज बनवतानाच कायमचे ठरवलेले होते. विजेने फेज बदलणारी रचना ८ गुणिले ८ ची होती. अँटेनांमधले अंतर ९ मायक्रॉन असल्याने संदिग्धता न येता पल्लाही दोन्हीकडे ५ अंशांच्या आतच. उद्धृत करताना पहिला आकडा घेतला जातो आणि बाकीचे गळतात. बर्कलीच्या गटाने २०२२ साली वेगळी वाट दाखवली: १२८ गुणिले १२८ सूक्ष्म यांत्रिक स्विच, वर एक भिंग. ज्या स्विचमधून प्रकाश सोडाल त्याच्या जागेप्रमाणे कोन ठरतो, आणि दृष्टिक्षेत्र ७० अंशांचे. फेज सांभाळण्याचा प्रश्नच नाही. झोत सलग न वळता पायऱ्यांनी सरकतो, हे मान्य. तरीही वाहनावरच्या लिडारसाठी आम्हाला आज हीच वाट जास्त भरवशाची वाटते. फेज्ड अ‍ॅरे त्यापेक्षा लहान तोंडाच्या, कमी पल्ल्याच्या कामांत आधी रुजेल.

तेव्हा विनंती अशी. अशा उपकरणाची बातमी देताना फायबर ते फायबर किंवा लेझर ते हवा एकूण तोटा किती डेसिबेल, हीटर, चालक सर्किट आणि लेझर धरून एकूण वीज किती, आणि चाचणी २५ अंशांवर झाली की ८५ अंशांवर, हे विचारून छापावे. झोताचा आलेख देणार असाल तर त्याचा उभा अक्ष डेसिबेलमध्ये आहे की रेषीय, हेही तपासून घ्यावे. सर्व अँटेनांना समान प्रकाश दिलेल्या निर्दोष अ‍ॅरेतही मुख्य झोताशेजारचा पहिला बाजूचा झोत उणे १३ डेसिबेलवर असतोच. रेषीय अक्षावर तो पाच टक्क्यांचा बारीक उंचवटा दिसतो आणि उणे २० डेसिबेलचा कचरा तर तळाच्या रेषेतच मिसळून जातो.

कळावे,

आपले,
फोटॉनिक्स क्षेत्रात काम करणारे काही अभियंते